दोनखोलीबाई

"माहीत नाही" हे शब्द बाई इतक्या ठणठणीत आवाजात म्हणायच्या, की समोरच्याला वाटावं, आपल्याला नीट उत्तर मिळालं. कारखान्याचे शेठ महिन्यातून एकदा आमच्या प्रयोगशाळेत डोकावून विचारायचे, "बेन, अपनी खुद की नयी दवा कब निकलेगी?" बाई हातातली परीक्षानळी खाली न ठेवता म्हणायच्या, "मालूम नहीं, शेठ." आणि शेठ समाधानाने मान हलवून निघून जायचे. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते. परीक्षेत प्रश्न कोरा सोडायचा नाही, काहीतरी लिहून यायचं, एवढीच माझी तोवरची विद्या. पहिल्या आठवड्यात बाईंनी एका द्रावणाचा रंग का बदलला म्हणून विचारलं आणि मी पाच मिनिटं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता हेच दोन शब्दांत सांग." मी परत द्रावणाकडे बघायला लागले. "माहीत नाही, असं म्हण. म्हणजे आपल्याला कामाला सुरुवात करता येईल."

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही परळची चाळ सोडून भाईंदर पूर्वेला वन रूम किचनमध्ये राहायला आलो होतो. स्टेशनजवळच्या केबिन रोडपासून पायी वीस मिनिटांवर गाळ्यांची एक इंडस्ट्रियल इस्टेट होती. एका गाळ्यात स्टीलचे डबे ठोकायचे, दुसऱ्यात बटणं बनायची, आणि शेवटच्या तीन गाळ्यांत आमचा कारखाना. तिथे क्लोरोक्विन बनायचं, मलेरियाची गोळी ज्याची करतात ती पांढरी पावडर. ती इतकी कडू, की हवेत उडालेला कण ओठावर बसला तरी दुपारच्या डब्यातली पोळी कडू लागायची. पहिल्या दिवशी मी आईला बोल लावला, पीठ खराब आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला नळाशी नेलं, हातात साबण दिला आणि कोपरापर्यंत हात, मग तोंड, मग ओठ, अशी शिस्तीत धुलाई करून घेतली. "आईला सॉरी म्हण," म्हणाल्या.

बाई तेव्हा पन्नाशीच्या. मुंबईतल्या एका मोठ्या औषध कंपनीत पंधरा वर्षं काढून, तिथला संशोधन विभाग बंद झाल्यावर इथे आलेल्या. नावामागे डॉक्टरेट होती, पण गाळ्यातल्या कामगारांनी त्यांना 'दोनखोलीबाई' करून टाकलं होतं. त्याला कारण होतं. हाताशी जे येईल त्यावर त्या एकच चित्र काढायच्या: दोन षटकोन, एकमेकांना चिकटलेले, मधली भिंत सामाईक, आणि एका कोपऱ्यात नायट्रोजनचा एक अणू. रासायनिक भाषेत हा क्विनोलीनचा सांगाडा. नव्या कामगाराला त्या सांगायच्या, "ही दोन खोल्यांची जागा. भाईंदरला तुमची-माझी आहे तेवढीच. भिंती पाडायच्या नाहीत. पण कुठल्या खिडकीला काय लावायचं, ते आपल्या हातात. त्यावरून ठरतं, हे औषध कशावर चालणार." बॉयलरवरचा माणूस घरी जाऊन बायकोला हे समजावून सांगायचा, असं त्यानंच मला एकदा सांगितलं होतं.

या सांगाड्याच्या कुळाची त्यांना इत्थंभूत माहिती होती. झाडाच्या सालीतल्या क्विनाइनमध्ये तो आहे. क्लोरोक्विनमध्ये आहे. आवेच्या जुन्या गोळ्यांमध्येही आहे. माझ्या धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टरांनी एक नवी, महागडी गोळी लिहून दिली होती. मी रिकामी स्ट्रिप बाईंना दाखवली. त्यांनी नाव वाचलं, पेन काढलं आणि स्ट्रिपच्या पाठीवर त्याच दोन खोल्या काढल्या. "बघ, हाही घरचाच. थोडा लांबचा भाऊ." मग त्यांनी मला ती हकीकत सांगितली, जी मी पुढे अनेकांना सांगितली आहे. फार वर्षांपूर्वी परदेशात क्लोरोक्विन बनवताना एक नको असलेला पदार्थ तयार व्हायचा. तो बाजूला काढून टाकत. कुणीतरी तो फेकण्याआधी जंतूंवर घालून पाहिला. जंतू थोडे मेले. त्या थोडक्यावर माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यातून औषधांची ही अख्खी शाखा उभी राहिली. "तुझा भाऊ त्या कचऱ्यामुळे उठून बसला," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे काही ओतून देण्याआधी लेबल लावून थोडं बाजूला ठेवायची पद्धत सुरू झाली.

संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी दुपारी बाई स्वतःचं काम करायच्या. त्या सुमारास जुन्या गोळीला मलेरिया दाद देईनासा होतोय, अशा बातम्या येऊ लागल्या होत्या. बाई त्याच सांगाड्याच्या एका एका कोपऱ्यात बदल करून नवे पदार्थ बनवायच्या आणि तपासायला एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. उत्तर यायचं, 'परिणाम नाही.' बाई ते एका निळ्या वहीत लिहायच्या, तारीख घालून, ठळक अक्षरात. मला वाईट वाटायचं. एकदा मी म्हटलं, "बाई, हे कशाला इतकं सजवून लिहायचं?" त्या म्हणाल्या, "पुढचा माणूस याच गल्लीत शिरू नये म्हणून. त्याचे सहा महिने वाचले तर ते काय कमी आहे?"

पण मला बाईंविषयी जे सांगायचं आहे, ते प्रयोगशाळेत घडलं नाही. ते उत्तनच्या मार्थामावशींमुळे घडलं.

मार्थामावशी केबिन रोडच्या तोंडाशी मासे घेऊन बसायच्या. समुद्रकाठच्या उत्तन गावच्या कोळीण, ख्रिस्ती, आवाज खणखणीत. बाई आणि मी शनिवारी त्यांच्याकडून बोंबील घ्यायचो. एक्याण्णवच्या सुमाराला मावशी मासे न कापताच द्यायला लागल्या. "घरी कापा, बाय. आज टाइम न्हाय," म्हणायच्या. समोर दुसरं गिऱ्हाईक तर एकही नसायचं. दोन-तीन शनिवार हे ऐकल्यावर बाई तिथेच उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "हात दाखवा." मावशींनी हात पदरात घेतले. मग हळूच बाहेर काढले. बोटांची पेरं सुजून गुळगुळीत झाली होती. मूठ वळत नव्हती.

"सकालच्याला तर पोलका पन घालता येत न्हाय," मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या. "सून घालते."

बाईंनी त्यांना शहरातल्या सरकारी इस्पितळात जायला लावलं. तिथे तपासण्या झाल्या, सांध्यांचा आजार निघाला आणि गोळ्या मिळाल्या. आम्हाला वाटलं, झालं. पण महिन्याभरानं मावशींची जागाच रिकामी दिसली. शेजारी बसणाऱ्या कोळणीनं सांगितलं, "तिच्या नवऱ्यानं गोल्या फेकल्या. हिवतापाच्या गोल्या दिल्या म्हनं डॉक्टरान."

बाई जागच्या जागी थांबल्या. "क्लोरोक्विन," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "अगं, आपलंच."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही भाईंदर पश्चिमेहून बस पकडून उत्तनला गेलो. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. त्यांचे यजमान पास्कूकाका जाळं विणत होते. ते उठले नाहीत.

"ही गोली मी वलखतो," बाईंनी विषय काढल्याबरोबर ते म्हणाले. "दर्यावर ताप भरला का आमी हीच गोली खातो. हिला ताप हाय? न्हाय. मंग डॉक्टरान काय केलं? गरीब मानूस बगला, हाताला लागली ती गोली दिली."

मला वाटलं, बाई आता वाद घालणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे, पास्कूभाऊ. गोळी तीच आहे."

काकांचा हात जाळ्यावर थबकला. त्यांना भांडण हवं होतं, ते मिळेना.

बाईंनी चुलीजवळचा कोळसा घेतला आणि होडीच्या कामासाठी आणलेल्या फळीवर दोन षटकोन काढले. म्हणाल्या, "हा त्या गोळीचा सांगाडा. तापात ती मलेरियाचा जंतू मारते. मावशींच्या बोटांत जंतू नाही. तिथं त्यांचंच शरीर त्यांच्या सांध्यांवर उठलंय. मलेरियासाठी अशी औषधं घेणाऱ्या काही लोकांचे सांधेही सुधारले, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे त्या उठलेल्या शरीरालाही शांत करतं."

"कसं करतं?"

"ते अजून कुणाला पूर्ण माहीत नाही."

काका पहिल्यांदा हसले. "म्हंजे तुमालाच म्हाईत न्हाय!"

"नाही. पण करतं, एवढं माहीत आहे. सगळ्यांच्यात नाही, पण पुष्कळांच्यात करतं. तीन महिने लागतात. त्याआधी काही दिसत नाही. आणि आणखी एक सांगते, पास्कूभाऊ, नंतर कुणी सांगितलं नाही असं म्हणू नका. ही गोळी फार वर्षं घेतली तर काहींच्या डोळ्यांना धरते. म्हणून दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे. एकदाही चुकवायचं नाही."

"आनि तीन मयन्यात बोटां न्हाय वलली तर?"

"तर मी याच ओट्यावर येऊन बसेन. तुम्हाला जे बोलायचं ते बोला."

मावशी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी घेनार." आणि तो विषय तिथे संपला.

पहिला महिना गेला, दुसरा गेला. काही नाही. दोन महिने पुरे झाले त्या दिवशी पास्कूकाका आमच्या इस्टेटच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. बाई बाहेर गेल्या. "दोन मयने झाले," काका म्हणाले. "तीन म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. काका तसेच वळून निघून गेले. बाई त्याच आठवड्यात रजा टाकून मावशींना घेऊन पुन्हा इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितलं.

परत आल्यावर बाईंनी चहाला हात लावला नाही. मला म्हणाल्या, "मला भीती वाटतेय."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "बाई, गोळी डॉक्टरांनी दिलीय. तुम्ही कशाला घाबरायचं?"

"डॉक्टरांनी दिली. पण ती घ्यायला लावली मी. आणि आपण ती बनवतो. तिची बोटं वळली नाहीत, तर पास्कूच्या लेखी मी कोण? माल खपवणारी बाई." मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आणि त्याच्या जागी मी असते, तर मीही तेच म्हटलं असतं."

तिसरा महिना संपता संपता एका सकाळी वॉचमन धावत आत आला. "बाई, कोई मच्छीवाली बुला रही है." आम्ही बाहेर गेलो. फाटकाजवळ उन्हात मार्थामावशी बसल्या होत्या. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर विळी, आणि पिशवीत बोंबील. त्यांनी एक बोंबील उचलला, विळीवर धरला, डोकं उडवलं, पोट साफ केलं आणि मधून उभा चिरून पसरला. वेळ लागला. ओठ घट्ट मिटलेले होते. पण केलं सगळं त्यांच्याच बोटांनी. बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसून बघत होत्या.

"झाला?" मावशींनी विचारलं.

"अजून एक कापा," बाई म्हणाल्या.

मावशींनी दुसरा कापला. मग तिसरा. बटणवाले, डबेवाले, सगळे गाळ्यांतून बाहेर येऊन उभे राहिले होते आणि मासे का कापले जातायत, हे कुणाला कळत नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. तो पुन्हा पुसावा लागला.

त्यानंतर पाच वर्षं मावशी केबिन रोडवर बसल्या. दर सहा महिन्यांनी बाई त्यांना डोळे तपासायला घेऊन जायच्या. मावशी कंटाळायच्या. "माजे डोले गरुडावानी हायत," म्हणायच्या. बाई ऐकायच्या नाहीत. कारखान्यात तपासणी असो, शेठ गावचे पाहुणे घेऊन आलेले असोत, तो दिवस बाईंचा सुट्टीचा.

आणि सत्त्याण्णव साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी मावशींना चौकटी आखलेला एक कागद दिला, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं, आणि ठिपक्याच्या बाजूच्या काही रेषा मावशींना दिसेनात. एरवी त्यांना काहीच जाणवत नव्हतं. सुटे पैसे ओळखता येत होते, मासे दिसत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलं, पण गोळी आजपासून बंद.

आता उलट झालं. मावशी गोळी सोडायला तयार होईनात. आम्ही तिघी इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो. मावशींनी गोळ्यांचं पाकीट मुठीत गच्च धरलं होतं. ती मूठ त्या गोळ्यांनीच वळली होती.

"बाय, तूच म्हनालीस घे. आता तूच म्हनतेस सोड. माजी बोटां परत वाकडी झाली तर? मी परत सुनेकडून पोलका घालून घेनार न्हाय."

"होतील कदाचित," बाई म्हणाल्या. "दुखेल. त्याला दुसरं औषध आहे, ते बघू. पण डोळ्याला दुसरं काही नाही, मार्थाबाई."

"तुजीच गोली हाय ना ही? तुला वाईट न्हाय वाटत?"

"औषध काय माझा नातेवाईक आहे?" बाई म्हणाल्या. "त्यानं पाच वर्षं काम केलं. आता ते तुम्हाला खायला लागलंय. द्या इकडे."

आणि त्यांनी हात पुढे केला. समोरच्या रांगेतले चार-पाच नंबर पुकारले गेले. मग मावशींनी पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं.

पुढचे काही महिने वाईट गेले. बोटं पुन्हा सुजली. मग डॉक्टरांनी दुसरी गोळी सुरू केली, आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकूनही रोज नाही. बाईंनी चौकशी केली, कागदावर तिचा सांगाडा काढून पाहिला आणि म्हणाल्या, "ही आपल्या कुळातली नाही. पण चांगली आहे. फक्त वार पाळायचा." मावशींनी रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर ती गोळी घ्यायची, असं ठरवून टाकलं. पास्कूकाका चर्चच्या दारातच पाण्याची बाटली घेऊन उभे राहायचे. हळूहळू मावशींची मूठ पुन्हा वळायला लागली. पहिल्याइतकी नाही, पण विळी धरण्याइतकी. डोळे होते तिथेच राहिले.

अठ्ठ्याण्णवला शेठनी कारखाना गुजरातेत हलवला. बाईंना त्यांनी खूप आग्रह केला, घर देतो म्हणाले. बाई गेल्या नाहीत. त्यांनी भाईंदरची जागा विकली आणि रत्नागिरीकडे भावाच्या गावी राहायला गेल्या. जाताना निळी वही मला दिली. त्यात साठेक पदार्थ होते आणि एकालाही यश नव्हतं. शेवटच्या दिवशी मी रडले, तेव्हा म्हणाल्या, "तुला नोकरी मिळेल, घाबरू नकोस. मुलाखतीत जे येत नाही ते येत नाही म्हण." मी तसंच म्हटलं आणि दुसऱ्याच मुलाखतीत मला नोकरी लागली.

पुढच्या वर्षी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. आत्या गेली, हृदयविकारानं, सकाळी अंगणात झाडांना पाणी घालता घालता. थोडं बोलून झाल्यावर तो संकोचून म्हणाला, "पेपरात द्यायचंय, म्हणून विचारतो. आत्यानं एखादं औषध शोधून काढलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे काहीच नाही?"

मी त्याला मार्थामावशींची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली, पण ती चार ओळींत बसणारी नव्हती. पेपरात 'निवृत्त रसायनशास्त्रज्ञ' एवढंच आलं.

मी उत्तनला कळवायला गेले. ऐकून मावशी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पास्कूकाकांनी मला विचारलं, "बायचं पुरं नाव काय?" इतक्या वर्षांत ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि एका चिठ्ठीवर अक्षर अक्षर जुळवत ते स्वतः लिहून घेतलं. म्हणाले, "रविवारी ये."

रविवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. मिस्सा कुणाकुणाच्या आत्म्याच्या शांतीसाठी आहे, त्यांची नावं फादर वाचत होते. सगळी नावं उत्तनची, दर्यावर जाणाऱ्या घरांतली. शेवटी त्यांनी ती चिठ्ठी उचलली. वाचलं, "डॉक्टर कुमुदिनी..." आणि अडखळले. पास्कूकाकांचं अक्षर लागत नव्हतं. फादरनी कागद डोळ्यांजवळ नेला, मान वर करून काकांकडे एकदा पाहिलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून वाचलं, "डॉक्टर कुमुदिनी तुकाराम कासारे."

म्हणून बाईंचं नाव तिथे दोनदा ऐकू आलं.